दोघांना एक पुरतो

“पलंग किती करायचे, काका?” किसन सुताराने विचारलं, आणि जिभेला लगाम घालायच्या आत लोटूच्या तोंडून निघून गेलं, “एकच कर. दोघांना एक पुरतो.”

किसनने टेपचं टोक पायाच्या अंगठ्याखाली दाबून धरलं होतं. ते सुटलं आणि पोलादी पट्टी सळसळत डबीत शिरली. त्याने कानावरची पेन्सिल काढली, पुन्हा कानावर ठेवली आणि हसला. “दोघं? काका, दुसरं लगीन करायलाव का काय? आधी सांगायचं की, उशाकडं मोराची जोडी कोरली असती!” हसता हसता त्याची नजर दारात चहा घेऊन उभ्या असलेल्या वर्षाकडे गेली, तिची नजर कुठे गेली आहे हे बघायला भिंतीकडे वळली, आणि तिथे चंदनाचा हार घातलेला लोटूच्या बायकोचा, उषाबाईचा फोटो दिसताच त्याने जीभ चावली. वर्षाने चहाचे कप खिडकीत ठेवले. एकदा सासऱ्याकडे बघितलं, ताप आलेल्या पोराकडे बघावं तसं, आणि ओढणीचं टोक डोळ्याला लावत ती आत गेली. लोटूला तिला हाक मारून सांगायचं होतं, की बाई, तसं नाही, तुला वाटतं ते नाही. पण तसं नाही तर मग कसं, हे सांगावं लागलं असतं. तेच तर गेले कितीतरी दिवस घशात अडकून बसलं होतं, माशाच्या काट्यासारखं. गिळवत नव्हतं आणि खाकरून काढायलाही धीर होत नव्हता. त्याने कप उचलला. चहात साय धरली होती. ती बोटाने बाजूला करत तो बसून राहिला.

सुरतेच्या गोडादऱ्यातल्या या घराला सुताराचा हात लागायला बराच उशीर झाला होता. पुढचं दार खालून कुजून गेलं होतं, दर चौमाशात फुगायचं आणि खांद्याने ढकलावं लागायचं. ओट्यावर सावली नव्हती. उन्हाळ्यात पाय टेकवत नसे. स्वयंपाकघरात डबे पत्र्याच्या मांडणीवर आणि मांडणी विटांवर. मुलगा योगराज पर्वत पाटियाच्या मार्केटात साड्यांच्या दुकानावर होता. यंदा त्याने मनावर घेतलं, की एकदाच काय ते आत-बाहेर सगळं करून टाकायचं. आत डब्यांसाठी फळ्या, कपाट, बाहेर नवं दार, त्याच्यापुढे जाळीचं दार, ओट्यावर लाकडी आढ्याची शेड. आणि जिन्याखालची खोली. ही खोली म्हणजे या कामाचा जीव होता, निदान वर्षाचा. ती साड्यांवर टिकल्या आणि खडे चिकटवायचं काम घरी आणायची. लग्न होऊन आली तेव्हापासून जमिनीवर बसून, मांडीवर साडी पसरून, मान मोडेस्तोवर. रात्री पाठीला बाम लावताना सासऱ्याला म्हणायची, “नाना, मला फक्त एक टेबल पाहिजे. सोनं नको, नाणं नको, टेबल.” तर त्या खोलीत एका अंगाला नानांचा पलंग आणि खिडकीखाली वर्षाचं टेबल, असं ठरलं होतं. सगळ्यांचं ठरलं होतं. लोटूनेही मान हलवली होती. आणि त्याच आठवड्यात भेस्तानहून जुन्या सोबत्याचा, काशिनाथचा निरोप आला होता, की चाळ पाडणार आहेत, महिनाअखेर खोली सोडायची, गावी जातो. भेटून जा.

किसनने आत जाऊन कटर सुरू केला. त्याचा आवाज लोटूला दुरून, पाण्याखालून यावा तसा आला. कान केव्हाच गेले होते. लूमच्या खात्यात, यंत्रमागांच्या कारखान्यात, जन्म काढलेल्या माणसाचे कान खातं ठेवून घेतं, जसा जन्मभर साबण लावणाऱ्या परटिणीच्या बोटांवरच्या रेघा साबण ठेवून घेतो. त्याचं लोटूला दुःख नव्हतं. उलट या कानात बोळे घातल्यासारख्या शांततेत जुन्या गोष्टी जास्त स्पष्ट ऐकू यायच्या. आता तो ओट्यावर येऊन बसला, रंध्यातून सुटलेल्या लाकडाच्या कुरळ्या साली वाऱ्याने त्याच्या पायाशी येत होत्या, ताज्या लाकडाचा आंबूस वास येत होता, आणि त्याला तो दुसरा पलंग दिसत होता. लिंबायतच्या खोलीतला. आधीच्या भाडेकरूने टाकून दिलेला, एका पायाखाली वीट असलेला. खोलीत माणसं पुष्कळ, बाकी सगळे जमिनीवर. पलंग एकच, आणि तो दोघांचा. दिवसपाळी काशिनाथची, रात्रपाळी लोटूची. सकाळी लोटू खात्यातून सुटून यायचा तेव्हा काशिनाथ उठून दारात उभा असायचा, पायात चप्पल सरकवत. “गरम हाय, लवकर जाय,” एवढंच म्हणायचा. गादी खरंच गरम असायची. थंडीच्या दिवसांत त्या उबेत शिरताना लोटूला वाटायचं, आपल्यासाठी कोणीतरी चूल पेटवून ठेवलीय. उशीला काशिनाथच्या मोहरीच्या तेलाचा वास. गादीत त्याच्या खांद्याचा खळगा, त्याच्या टाचांचा खळगा, लोटूच्या टाचांच्या वीतभर खाली. माणूस उंच होता. संध्याकाळी लोटू उठायचा, तोवर हा दमून दारात. असे एकमेकांना ओलांडत ते दोघं वर्षानुवर्षं एका पलंगावर राहिले आणि एकमेकांशी बोलले ते दारातल्या दारात. पण उशीखाली शेंगदाण्यांच्या चिक्कीचा तुकडा सापडायचा. कधी अर्धी विडी. लोटूला खोकला झाला तर खडीसाखर. लोटू तिथे बोरं ठेवायचा. आणि खात्याला सुट्टी असली की मोठा घोटाळा व्हायचा. दोघंही घरी. रात्री पलंगावर कोणी झोपायचं? हा म्हणे तू, तो म्हणे तू. शेवटी दोघंही खाली जमिनीवर पसरायचे आणि पलंग रात्रभर रिकामा, राजाच्या गादीसारखा.

उषाबाई गावाहून पहिल्यांदा आली, पोराला कडेवर घेऊन, तेव्हा वेगळी खोली केली आणि तोच पलंग काशिनाथने डोक्यावरून आणून दिला. मी खाली झोपीन, मले सवय हाय, म्हणाला. उषाबाईने गादी उन्हात टाकायला उचलली, उलटीपालटी केली आणि कमरेवर हात ठेवून म्हणाली, “या गादीले दोन खड्डा शेतस!” मग सगळी हकीकत ऐकल्यावर जन्मभर काशिनाथ दिसला की म्हणायची, “या, मन्ही सवत उनी!” सवत आली म्हटल्यावर काशिनाथ लाजायचा. काळा रोडका माणूस, मानेपर्यंत लाल व्हायचा म्हणजे काय ते लोटूने पाहिलेलं होतं. ती गेली त्या दिवशी तो भेस्तानहून आला होता, याच ओट्यावर दिवसभर बसला, आत आला नाही, पाणीही मागितलं नाही. वर्षाने त्याला तेवढंच पाहिलं होतं. ओट्यावरचा एक उंच म्हातारा.

संध्याकाळी योगराज आला. गाडी लावून हेल्मेट काढतो न काढतो तोच वर्षाने त्याला शेडच्या नव्या खांबापाशी गाठलं. लोटू आत, खिडकीच्या काचेमागे होता. त्यांना वाटलं असेल नानांना ऐकू येत नाही, आणि ते खरंच होतं. पण खात्यातली माणसं कानांनी ऐकतच नाहीत. शेकडो लूम एकदम धडधडत असताना कोण कोणाचं ऐकणार? ती ओठ वाचतात. समोरच्या रांगेतला कारागीर काय म्हणतो, शेठ दारात कोणाला शिव्या देतो, सगळं ओठांवरून उचलतात. लोटूने सुनेचे ओठ वाचले. “दोघांना एक पुरतो म्हणाले. आईंना धरून बोलले. मला तर रडूच आलं.” योगराजची पाठ होती; त्याचं दिसलं नाही. तो वळला तेव्हा एवढंच दिसलं, “डॉक्टरला दाखवू का?” वर्षाने मान हलवली. “डॉक्टर काय करणार आहे? माणूस आठवणारच. मी सांगते किसनभाईला, पलंग मोठा कर. दोघांचा कर. माझं टेबल राहू दे यंदा.” योगराज म्हणाला, “तुझी पाठ?” वर्षा म्हणाली, “पाठ कुठे पळून चाललीय?”

लोटू खिडकीपासून मागे सरला. भिंतीला टेकला. आयुष्यात त्याला पुष्कळ जणांनी पुष्कळ काही दिलं नव्हतं, त्याचा हिशेब त्याने कधी ठेवला नाही. पण हे असं, एका परक्या घरातून आलेल्या पोरीने मेलेल्या सासूच्या अर्ध्या पलंगासाठी आपलं टेबल सोडून द्यावं, हे कुठे ठेवावं ते त्याला कळेना. आणि मनाचा चोर कोपरा बघा. त्याच क्षणी त्या कोपऱ्यातून एक आवाज म्हणाला, की झालं तर मग. मोठा पलंग होतो आहे. जागा आपसूक झाली. आता काशिनाथला आणून बसवला की कोण उठवणार आहे? न मागता मिळतंय तर मागायचं कशाला? लोटूने उषाबाईच्या फोटोकडे बघितलं. फोटो काढताना ती हसायची थांबलेली नव्हती, म्हणून तोंड अर्धवट उघडं आलं होतं, आणि एरवी गोड दिसणारं ते तोंड आज काहीतरी बोलायच्या बेतात असल्यासारखं दिसत होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी वर्षाने शिरा केला. कारण नसताना. ताटलीत वाढून समोर बसली, म्हणाली, “नाना, खा.” ओठ मोठे करून, सावकाश म्हणाली. तिकडे साड्यांवाल्याचा फोन वाजत होता, तिने एका हाताने उचलून “हा भाई, काले आपी दईश”, उद्या देते, असं गुजरातीत आटोपलं आणि पुन्हा याच्याकडे वळली. शिऱ्यात काजू होते. लोटूला प्रत्येक घास चोरीचा वाटला. त्याने अर्ध्यात ताटली ठेवली, टोपी घातली आणि काशिनाथला भेटून येतो म्हणून बाहेर पडला. किसन ओट्यावर प्लायचा मोठा तक्ता आडवा टाकून त्यावर रेघा मारत होता. “काका, दुपारपर्यंत कापतोय बघा. एकदा कापला की कापला.”

भेस्तानच्या चाळीत निम्म्या खोल्यांची दारंसुद्धा लोकांनी काढून नेली होती. काशिनाथ उंबऱ्यात बसून बोचकं बांधत होता. दोरी म्हणून लूमच्या कापडाच्या कातरलेल्या किनारी, विणून विणून केलेली वेणी. लोटू समोर जाऊन उभा राहिला तरी त्याला सावली पडेपर्यंत कळलं नाही. “आला का बे?” “आलो.” दोघंही बहिरे, म्हणून दोघंही ओरडूनच बोलायचे, आणि आजूबाजूच्या सगळ्यांना सगळं कळायचं. समोरच्या खोलीतली एक बाई भाजी निवडता निवडता या दोघांच्या गप्पा ऐकायला सरसावून बसली.

“गावी कोण आहे तुझं?”

“पुतण्या हाय ना. गोठ्याले लागून खोली देतो म्हणे. म्हैस मेली त्याची, खोली मोकळी झाली.” काशिनाथने वेणीला गाठ मारली. “म्हशीच्या जागी मी.”

“दूध मागतील.”

“देईन थोडं थोडं.”

भाजी निवडणारी बाई फिसकन हसली. लोटू हसला नाही. तो उंबऱ्यात त्याच्या शेजारी बसला. काशिनाथला एकच मुलगी, मनीषा, नंदुरबारला दिलेली. तिने किती वेळा बोलावलं. लेकीच्या घरी राहायचं नाही, एवढं एक त्याने बायको गेल्यापासून धरून ठेवलं होतं. लोटू म्हणाला, “माझ्याकडे चल.” म्हणायला किती सोपं होतं ते! काशिनाथने हातातलं काम थांबवलं. रस्त्यापलीकडच्या डाइंग मिलच्या धुराड्याकडे बघितलं. मग म्हणाला, “तुहं घर आता तुहं हाय का बे?”

“म्हणजे?”

“ज्या बाईले भाकर टाका लागते, घर तिचं. उषावहिनीनं म्हटलं तवा मी तुह्या घरी जेवलो. एक दिवस न म्हणता जेवलो का? सांग.” लोटूला आठवलं, की खरंच नाही. दारात उभा राहायचा, वहिनीने ‘या’ म्हणेपर्यंत. “तुही सून म्हणन तर येतो. तू म्हणून नाही. अन् तिले भरीला घालू नको. मले तोंडावरून समजते.”

परतताना रिक्षात चार माणसांत अंग चोरून बसलेल्या लोटूच्या डोळ्यांपुढे उधनाचा रस्ता सरकत होता आणि त्याला प्लेगचं साल आठवत होतं. सुरत रातोरात रिकामं झालं होतं. स्टेशनवर माणसांवर माणसं, डब्यांच्या टपावर माणसं. लोटूला नेमका त्याच दिवशी ताप भरला. खोलीतल्या सोबत्यांनी सकाळी त्याच्याकडे बघितलं, तोंडाला रुमाल बांधले आणि ट्रंका उचलल्या. कोणी काही बोललं नाही, आणि त्यांचंही चुकलं नव्हतं, प्रत्येकाच्या मागे बायकापोरं होती. दुपारी कधीतरी डोळा उघडला तर खोलीत कोणी नाही. फक्त दोरीवर कोणाचा तरी राहिलेला बनियन. बाहेर रस्त्यावर एक सायकलसुद्धा वाजत नाही. लोटूला तेव्हा चांगलं ऐकू यायचं. ती शांतता त्याने कानभर ऐकली होती. मग पायऱ्यांवर चपला वाजल्या. काशिनाथ. खाती बंद झाली होती. त्याने कुठूनशा मिळवलेल्या गोळ्या लोटूच्या जिभेवर ठेवल्या, वर पाणी पाजलं. “जाय भो,” लोटू म्हणाला, “तू बी जाय.” काशिनाथने सदरा काढून खिळ्याला लावला, पलंगापाशी आला आणि म्हणाला, “सरक.” लोटू बघतच राहिला. “दिवसा तू, राती मी, एकाच गादीत. मले व्हायचा तं कवाच झाला असन. सरक बे, झोप आली मले.” आणि घामाने ओल्याचिंब झालेल्या त्या गादीवर, लोटूच्या अंगाला अंग लावून, तो खरंच आडवा झाला. प्लेग नव्हता तो, मलेरिया निघाला. पण त्या दुपारी ते दोघांनाही माहीत नव्हतं. एवढं एकदाच त्या पलंगावर दोघं एका वेळी मावले होते. दोघांना एक पुरतो, हे लोटूच्या जिभेला तिथून माहीत होतं. उषाबाईचा त्यात काही संबंध नव्हता. आणि तिच्या नावावर हे घेतलं तर तो दोघांचाही अपमान झाला, तिचा आणि काशिनाथचा.

घरी पोचला तेव्हा किसनने कटर हातात घेतला होता. “थांब!” लोटू ओरडला. किसन दचकला. “कापू नको अजून.” मग तो आत गेला. वर्षा जमिनीवर बसून, मांडीवर मोरपंखी साडी पसरून खडे लावत होती, बोटांना गोंद. लोटू तिच्यासमोर जमिनीवर बसला. त्याला वाटलं आपण अगदी हळू, कानात सांगावं तसं सांगतो आहोत. पण बहिऱ्याचा हळू आवाज तो काय असणार! किसन दाराशी आला, शेजारची प्रमिलाबाई गच्चीवरून वाकली. लोटूने सगळं सांगितलं. लिंबायतची खोली, वीट लावलेला पलंग, गरम गादी, प्लेग, भेस्तानची चाळ, म्हशीची खोली. काशिनाथ काय म्हणाला तेही. फक्त तोंड वर करून बघितलं नाही. साडीवरच्या खड्यांकडे बघत सांगितलं.

मग लोटूने वर बघितलं तर वर्षाचे डोळे भरले होते आणि ओठ मात्र रागाने घट्ट होते.

“म्हणजे आईंसाठी नव्हतं?”

“नाही.”

“नाना, मी दोन दिवस रडले! काल शिरा केला—”

“आज सकाळी केला.”

“तेच ते! काजू घातले!” आणि मग तिला स्वतःचंच हसू फुटलं, गोंदाच्या बोटांनी डोळे पुसता येईनात म्हणून तिने खांद्याने पुसले. “आधी का नाही सांगितलं? मी काय वाघ आहे?”

“तुझं टेबल जातं ना.”

हे खरं होतं. तिने खोलीकडे बघितलं, किसनकडे बघितलं. खालच्या आवाजात काही विचारलं. लोटूने ओठ वाचले. “दोन बारके पलंग बसतील?” किसन म्हणाला, “एकाखाली एक करू, गाडीच्या बर्थसारखे. वर कोण चढणार ते म्हाताऱ्यांनी भांडून ठरवायचं.” “गुडघे बघा त्यांचे!” “मग असा कोनात एक, असा एक. पण ताई, टेबल मग नाही बसत. खोटं कशाला बोलू?” वर्षा उठली, ओट्यावर गेली. नव्या शेडखाली उभी राहून तिने हात पुढे करून उजेड बघितला, साडी बघताना बघतात तसा, तळहात उलटा-सुलटा करून. परत आली. “टेबल बाहेर करा. शेडला तीन बाजूंनी जाळी, खाली अर्धी फळी, म्हणजे साड्या उडणार नाहीत. पण नीट टेबल पाहिजे, किसनभाई. उरल्यासुरल्या तुकड्यांचं नको. खणाचं.” मग लोटूकडे वळली. “हे तुमच्यासाठी नाही करत. तिथं उजेड चांगला आहे.”

संध्याकाळी योगराजने ऐकलं आणि चपला न काढताच ओट्यावर बसला. तो वाईट पोरगा नव्हता. पण घर चालवणारा होता. “नाना, जीव लावलात ठीक आहे. पण ना नात्याचा, ना गावचा. उद्या अंथरूण धरलं तर? कोण बघणार?” प्रश्न रास्त होता. वर्षा आतून तांदूळ निवडत म्हणाली, “नानांनी धरलं होतं तेव्हा कोणी बघितलं?” तिने तांदळाचं ताट बाजूला सारलं. “त्या वेळी तुम्ही कुठे होतात? पाळण्यात. नानांना काही झालं असतं तर तुम्ही या ओट्यावर बसून प्रश्न विचारले नसते.” योगराजने हळूच चपला काढल्या. मग कोणाकडेही न बघता त्याने विचारलं, “घोरतात का?”

“मला काय ठाऊक?” लोटू म्हणाला. “तो झोपायचा तेव्हा मी कामावर.”

किसनला दुसऱ्या पलंगाचं माप हवं होतं. “माणूस केवढा आहे, काका? अंदाजे सांगू नका, मागाहून पाय बाहेर येतात.” लोटू वाकला, प्लायच्या तक्त्यावर एका जागी तळहात ठेवला, म्हणाला, “इथे डोकं.” मग डोळे मिटून दुसरा हात पुढे पुढे सरकवत नेला, गादी चाचपावी तसा, आणि एका जागी थांबवला. “टाच इथे यायची.” किसनने तिथे रेघ मारली.

दोन दिवसांनी वर्षाने साड्यांचा गठ्ठा पोचवायचा तो पोचवला, आणि स्कूटीवर लोटूला मागे बसवून भेस्तानला आली. तिलाही भीती वाटत असावी. परका माणूस घरात घ्यायचा, जन्माचा. लोटूने आरशात तिचा चेहरा बघायचा प्रयत्न केला, पण आरशात नुसता रस्ता होता. तो मनात म्हणत होता, की हिने तोंड वाकडं केलं तरी काशिनाथ ओळखेल, आणि येणार नाही, आणि त्याचं बरोबरच असेल.

काशिनाथ बोचक्यावर बसला होता. दाढी केलेली, अंगात धुतलेला सदरा. गाडी संध्याकाळची होती. वर्षाला बघून तो धडपडत उठला, अंगातली सगळी उंची गोळा करून उभा राहिला. शेजारच्या खोल्यांतून दोन-तीन बायका दारात आल्या. वर्षा उंबऱ्याशी थांबली. तिने ओढणी नीट केली आणि साध्या आवाजात, आपल्याच माणसाशी बोलावं तशी म्हणाली, “काका, घरी चला. राहायला.”

ओठ वाचणाऱ्या माणसाची एक खूण असते. जोवर शब्द हाती लागत नाही तोवर त्याची नजर समोरच्याच्या ओठांना चिकटलेली असते. शब्द मिळाला की नजर सुटते. काशिनाथची नजर सुटली. क्षणभर वर्षाच्या डोळ्यांवर गेली, तिथे काय शोधायचं ते शोधून मग खाली, स्वतःच्या पायांवर आली. लोटूने ते बघितलं. खात्यात जन्म काढलेल्या कोणालाही ते कळलं असतं, पण काशिनाथखेरीज तिथे तसा माणूस तोच एक होता.

मग काशिनाथने कानामागे हात लावला. “काय म्हणलं, पोरी? ऐकू नाही येत मले.”

“घरी चला म्हटलं, काका!” वर्षा मोठ्याने म्हणाली. “आमच्याकडे राहायला!” पलीकडच्या खोलीतून आणखी कोणी बाहेर आलं. काशिनाथने मान तिरकी केली, दुसऱ्या कानामागे हात लावला.

“काय?”

वर्षाने प्रश्नार्थक लोटूकडे बघितलं. लोटू डाइंग मिलच्या धुराड्याकडे बघत उभा राहिला, जणू त्यालाही काही ऐकू आलं नव्हतं. तेव्हा तिने ओढणी कमरेला खोचली, एक पायरी वर चढली, छाती भरून श्वास घेतला, आणि सगळ्या चाळीला ऐकू जाईल अशा आवाजात त्याला पुन्हा विचारलं.